सुलभाकाकूंचे सहा सेकंद

सुलभाकाकूंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. आठ वर्षांपूर्वी सिंगापुरातल्या क्वीन्सटाउनच्या या बिल्डिंगमध्ये मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात साडेआठला मीटिंग होती. मी लिफ्टमध्ये शिरले आणि दार बंद करायचं बटण दाबू लागले, एकदा नव्हे, पाच-सहा वेळा. कॉरिडॉरमधून कुणीतरी येताना दिसत होतं, तरी दाबतच राहिले. दार मिटता मिटता फटीत एक छत्री घुसली. दार उघडलं तर समोर पांढरा बॉबकट, ट्रॅक पँट आणि कपाळावर टिकली अशा एक बाई. मी फोनवर नवऱ्याशी मराठीत बोलत होते, ते त्यांनी ऐकलं असणार. "पाच वेळा दाबून दार पाचपट लवकर मिटत नाही," त्या म्हणाल्या, "नुसतं बोट दुखतं." मला असा राग आला! चौदा मजले मी भिंतीकडे बघत उतरले.

संध्याकाळी त्याच बाई माझ्या दारात, हातात वाटीभर आंबेडाळ. सकाळी जरा जास्तच बोलले वगैरे काही नाही. "मी सुलभा. शेवटून दुसरं दार. वाटी सावकाश दे," एवढं सांगून गेल्या. कुणाची वाटी रिकामी परत करायची नसते हे माझ्या आईने शिकवलेलं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी त्यात शंकरपाळे घालून नेले. त्यांनी चार दिवसांनी तिच्यातून खोबऱ्याची वडी पाठवली. ती वाटी अजून आमच्या दोन घरांत ये-जा करते, आणि मूळची कुणाची हे आता मलाही नक्की आठवत नाही.

काकू पुण्याच्या. तिथे मुलींच्या एका शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या. लग्न झालं शामकांतकाकांशी. काका जहाजावर इंजिनिअर, पुढे चीफ इंजिनिअर झाले. त्यांच्या जहाजांचा कारभार सिंगापूरहून चालायचा म्हणून एक्क्याण्णव साली दोघं इथे आली. वर्षातले आठ महिने काका समुद्रावर आणि काकू इथे, एका लहान मुलीला घेऊन, एकट्या. रडत बसण्याचा स्वभाव नाही. इथल्या बालवाडीत मुलांचे व्यायाम घ्यायची नोकरी धरली, मुलीला शिकवलं, नागरिकत्व घेतलं आणि हा फ्लॅट विकत घेतला. मुलगी मधुरा आता मेलबर्नला असते.

नोकरी सुटली तरी पी.टी. सुटली नाही. रोज सकाळी सातला बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, ज्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात, काकू पंधरा-वीस म्हाताऱ्यांना ओळीत उभं करतात. मोजणी मराठीतच चालते. चिनी, मलाय, तमिळ आज्या खड्या आवाजात 'एक, दोन, तीन, च्यार' म्हणत हात वर करतात. त्यातल्या सगळ्यात मोठ्या मादाम को, वय चौऱ्याऐंशी. त्या भाजीची चाकांची ढकलपिशवी शेजारी उभी करून व्यायाम करतात आणि तशाच मंडईला जातात.

शहर बदलतं म्हणून गळा काढणारी माणसं मला इथे पुष्कळ भेटली, आणि खरं सांगायचं तर त्यांतली मीही एक. आमच्यासमोर चाळीस मजल्यांचे दोन टॉवर उभे राहू लागले तेव्हा माझ्या खिडकीतलं आभाळ गेलं, आणि मी महिनाभर कुरकुरत होते. काकूंच्या खिडकीतलं तर जास्तच गेलं होतं. त्या म्हणाल्या, "अगं, माणसं राहायला येणारच. बेट काय ताणून मोठं होतंय? त्यांना झाडावर ठेवायचं का?" नव्या आराखड्याचं प्रदर्शन कुठेही लागलं की काकू चष्मा लावून हजर. लाकडी मॉडेलभोवती दोन चकरा मारायच्या आणि तिथल्या माणसाला विचारायचं, यात बाक कुठे आहेत? मॉडेलमधली माणसं काड्यांची असतात, ती दमत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. एका ठिकाणी त्यांच्या विचारण्यावरून दोन बाक वाढले. निदान काकू तसं सांगतात.

शामकांतकाका कमी बोलणारे. पस्तीस वर्षं इंजिनरूमच्या आवाजात काढल्यावर ऐकणंही कमी झालं होतं आणि बोलणंही. पण निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी नऊला रस्त्यापलीकडच्या कॉफीशॉपमध्ये त्यांची बैठक असे. एक केरळचे कॅप्टन, एक इथलेच चिनी रेडिओ ऑफिसर आणि काका. कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, एकेक कप घेऊन तिघं अकरापर्यंत बसत आणि कुठल्या बंदरात कुठला पंप कसा बिघडला ते उगाळत. "दिवसाचं सगळं बोलणं तिथे संपवून येतात, माझ्या वाट्याला नुसतं हूं," काकू म्हणायच्या. पण साडेआठ वाजले की काकांचा इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर काढून ठेवलेला असायचाच.

दोन वर्षांपूर्वी काकांना स्ट्रोक आला. जीव वाचला, डाव्या पायातली अर्धी ताकद गेली. व्हीलचेअर आणली ती त्यांनी दारातूनच परत पाठवली. वॉकर घेऊन तीन महिन्यांत ते पुन्हा चालायला लागले, कॉफीशॉपसाठीच. त्याच सुमारास टॉवर तयार झाले, लोक राहायला आले, बसेस वाढल्या, बसस्टॉप सरकला आणि त्याबरोबर सिग्नलही थोडा पुढे गेला. जुन्या जागी रस्त्याच्या मध्ये थांबायला एक चौथरा होता. नव्या जागी तो बसत नव्हता. रस्ता एका दमात ओलांडायचा होता.

मार्चमधल्या एका सकाळी ते झालं. काकू शेजारी होत्याच. सिग्नलमधला हिरवा माणूस गेला आणि लाल आला तेव्हा काकांची तीन-चार पावलं उरली होती. मागच्या एका गाडीला पुढचं दिसत नसावं, तिने हॉर्न वाजवला. काका दचकले, वॉकर वाकडा झाला आणि ते भर रस्त्यात थिजून उभे राहिले. काकूंनी त्यांना अक्षरशः ओढून काठाला आणलं. कॉफीशॉपमधली माणसं उठून बघत होती. काका बसले नाहीत, कोपी घेतली नाही, मित्रांशी बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "वीस हजार हॉर्सपॉवरचं इंजिन चालवलंय मी. आता मला रस्त्यात उभं करून हॉर्न मारतात."

त्यानंतर काका खाली उतरेनात. एक आठवडा, एक महिना, चार महिने. कॅप्टन आणि रेडिओ ऑफिसर दोनदा घरी येऊन गेले. काका टीव्हीकडे बघत बसले, तेही यायचे थांबले. फिजिओथेरपिस्ट बाईंनी काकूंना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की पाय आखडत चाललाय, असंच राहिलं तर नव्या वर्षापर्यंत ते अंथरुणाला खिळतील. काकूंनी हे मला कॉरिडॉरमध्ये, त्यांच्या उघड्या दारापाशी सांगितलं.

"पण पूल आहे ना, लिफ्टचा," मी म्हटलं. हुशारी दाखवायची खोड आहे मला.

आतून काकांचा आवाज आला. कान कमी झालेले, पण असलं बरोबर ऐकू येतं. "पाव किलोमीटर उलटं जायचं, दोन लिफ्टा घ्यायच्या, पाव किलोमीटर परत यायचं. कॉफी प्यायला जायचंय, काशीला नाही."

मग काकूंच्यातली पी.टी.ची बाई जागी झाली. त्यांनी कपाटातलं जुनं स्टॉपवॉच काढलं. रस्ता पावलांनी मोजला: साडेसोळा मीटर. हिरवा माणूस येतो तेव्हापासून जाईपर्यंत चोवीस सेकंद. काका हॉलमधून स्वयंपाकघरात येतात ते सहा मीटर, त्यांच्या नकळत अनेकदा मोजले: अकरा सेकंद. त्रैराशिक मांडलं, म्हणजे रस्त्याला तीस. "सहा सेकंद कमी पडतात गं," त्या मला म्हणाल्या. "सगळं घोडं सहा सेकंदांवर अडलंय."

इथे पुष्कळ सिग्नलना एक सोय असते. खांबावरच्या पिवळ्या खोक्याला ज्येष्ठांचं कार्ड टेकवलं की हिरवा माणूस काही सेकंद जास्त थांबतो. आमच्या सिग्नलला ते खोकं नव्हतं. काकूंनी आकडे सांगितले, मी ईमेल लिहिला. त्यात काकांचा स्ट्रोक, वॉकर, कॉफीशॉप सगळं आलं. लिहिताना मी म्हटलं, "काकू, आशा धरू नका. एका माणसासाठी कुणी सिग्नल बदलत नाही."

"विचारायला काय जातं?" काकू म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी रस्त्यांच्या खात्याचे एक इंजिनिअर आले, हफीझ नावाचे, चाळिशीतले, शांत. आणखी एक सहकारी घेऊन ते सलग तीन दिवस, सात ते दहा, सिग्नलपाशी उभं राहून मोजत होते. काकू पहिल्या दिवशी थर्मासमधून चहा घेऊन गेल्या. त्यांनी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेला, पुन्हा नको. तिसऱ्या दिवशी काकूंनी बेसनाचे बारा लाडू वळले, स्टीलच्या डब्यात भरले आणि खाली गेल्या. उन्हातान्हात आपल्या कामाला आलेला माणूस, तो असाच कसा जाईल?

"आंटी, कॅनॉट," हफीझ म्हणाले. "थँक यू, बट रिअली कॅनॉट."

आता आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतोच. दुसऱ्यांदाही म्हणतो. तिसऱ्यांदा आग्रह करायचा असतो, तेव्हा तो घेतो, आणि आग्रह केला नाही तर घरी जाऊन बोलतो. काकूंनी रीतीप्रमाणे तीनदा आग्रह केला. तरी घेईनात, तेव्हा हे फारच संकोची दिसतात असं ठरवून, ते मोजमापाचं सामान आवरत असताना, त्यांच्या व्हॅनच्या उघड्या दारातून डबा सीटवर ठेवला आणि विजयी मुद्रेने वर आल्या.

पाचव्या दिवशी डबा परत आला. एक माणूस दारात देऊन गेला, सोबत पत्र. अतिशय सभ्य भाषेत लिहिलं होतं की सरकारी नोकराला भेट घेता येत नाही, आपल्या भावनेबद्दल आभारी आहोत, नियमानुसार याची नोंद केली आहे. काकूंनी डबा उघडला. "बारा," त्या म्हणाल्या. "बाराच्या बारा." रिकामा डबा परत आला असता तरी त्यांनी मनाला लावून घेतलं असतं. हा तर भरलेला परत आला होता.

मी समजूत घालायला लागले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "पुण्याला खो-खोची टीम निवडायच्या आधी एका मुलीची आई माझ्याकडे साडी घेऊन आली होती. मी ती दारातून परत केली, चार लोकांसमोर. बाई रडत गेली. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता स्वतःचा." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "आज मी ती बाई झाले गं. तिलाही कदाचित नुसतं द्यायचंच असेल."

मग त्यांनी फर्मान काढलं. लगेच ईमेल लिही. म्हणावं, मी माझी विनंती परत घेते. त्या हफीझला माझ्यापायी त्रास नको, आणि काकूच्या लाडवांनी सिग्नल झाला असं कुणी म्हणायला नको. मी शहाणी असते तर एक दिवस थांबले असते. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. बारा लाडवांनी कोण विकला जातो? सरळ फोन काढला, चार ओळी ठोकल्या आणि पाठवून मोकळी झाले. आतल्या खोलीतून काका म्हणाले, "बरं झालं. कोण जाणार होतं?"

दुसऱ्या दिवशी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी असताना मला कळलं की मी काय करून बसले. रागाच्या भरात एका माणसाचे पाय घालवले होते, आणि ज्यांचे घालवले त्यांच्या घरची वाटी माझ्या ओट्यावर होती. आठवडाभर मला काकूंच्या दारावरून जाववेना. काकू मात्र सातला खाली जाऊन मोजणी घेत होत्या, फक्त आवाज बसलेला होता.

नवव्या दिवशी उत्तर आलं, खाली हफीझचं नाव. मी फोन घेऊन धावत गेले आणि काकूंना वाचून दाखवलं. लिहिलं होतं: आपली विनंती परत घेतल्याची नोंद करता येत नाही, कारण हे काम आपल्या एकट्यांसाठी चाललेलं नाही. तीन सकाळी मिळून दोनशे चार ज्येष्ठ नागरिक त्या जागी रस्ता ओलांडताना दिसले. त्यातले एकोणीस जण वेळेत पलीकडे पोचू शकले नाहीत. सिग्नलला कार्डाची सोय मंजूर झाली आहे, ती त्यांच्यासाठी. आपण लिहिलंत म्हणून आम्ही मोजायला आलो, याबद्दल आभार. लाडवांमुळे कुणाचंही काही बिघडलेलं नाही.

काकूंनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग मटकन खुर्चीत बसल्या आणि रडल्या, अगदी मोकळेपणाने, नाक ओढत. "मला वाटत होतं मी ह्यांच्यासाठी कुणाच्यातरी पाया पडतेय," त्या म्हणाल्या. "ही कुणाची मेहेरबानी नव्हतीच गं. असती तर परत करता आली असती." मलाही रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या एकोणिसांत काका नव्हतेच, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ते तर घरात होते.

"किती म्हणालात?" काका खोलीच्या दारात वॉकर धरून उभे होते. आपण होऊन उठून आलेले.

"एकोणीस," काकू म्हणाल्या.

"एकोणीस अडकले? माझ्यासारखे?"

"हो."

काकांनी वॉकर एक पाऊल पुढे सरकवला. मग म्हणाले, "तीन दिवसांचं रीडिंग आहे ना? कितीपासून कितीपर्यंत?"

"सात ते दहा."

"नऊ ते दहाचं वेगळं दिलंय का? तेव्हा बसेस जास्त असतात. दिलं नसेल तर विचारा त्यांना," आणि माझ्याकडे वळून, "गार्गी, एक कागद दे." इतक्या महिन्यांत त्यांनी टीव्ही सोडून दुसऱ्या कशात रस घेतलेला मी पाहिला नव्हता. आपण एकटेच रस्त्यात अडकणारे, असं धरून हा माणूस घरात बसला होता. दुसऱ्या दिवसापासून ते कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारू लागले, आणि काकू कुठल्या आनंदात होत्या ते खालच्या म्हाताऱ्यांना विचारा. त्या आठवड्यात त्यांच्याकडून दुप्पट उठाबशा काढून घेतल्या गेल्या.

पाच आठवड्यांनी, एका मंगळवारी, दोन माणसं शिडी घेऊन आली आणि दीड तासात खांबाला पिवळं खोकं बसवून गेली. काका चौदाव्या मजल्याच्या कठड्यावरून सगळं बघत होते. बुधवारी साडेआठला खुर्चीवर इस्त्रीचा शर्ट होता.

मी ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं. काकूंनी मला आधीच पलीकडे पाठवलं होतं, "तू जवळ घुटमळलीस तर ते चिडतील." कॉफीशॉपसमोर मी उभी राहिले. पलीकडे काकांनी स्वतःच्या हाताने कार्ड टेकवलं. हिरवा माणूस आला, आकडे उलटे धावू लागले आणि काका निघाले, अर्धं पाऊल पुढे, एक हात तयार ठेवून, काकू. पहिली लेन, दुसरी लेन, तिसरी. आठ सेकंद उरले असताना त्यांची दोनच पावलं राहिली होती. पोचलेच होते.

तेवढ्यात मागे चाकं खडखडली. मादाम को उशिरा निघाल्या होत्या, त्यांची ढकलपिशवी वेडीवाकडी झाली होती आणि त्या अजून रस्त्याच्या मध्यावर होत्या. काकांनी मान वळवून पाहिलं आणि ते थांबले.

"अहो, चला!" काकू ओरडल्या. आकडे संपले. लाल माणूस आला.

काका हलले नाहीत. त्यांनी वॉकर फिरवून घट्ट रोवला, गाड्यांकडे तोंड केलं आणि उजवा हात सरळ वर केला. अगदी पुढे एक लॉरी होती. लॉरीवाल्याने काकांकडे पाहिलं, मादाम कोंकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मागच्या गाड्यांतूनही कुणी हॉर्न वाजवला नाही. मादाम को पिशवी ढकलत ढकलत येत होत्या, घाई नाही, गडबड नाही.

काकू त्यांना धरायला मागे येऊ लागल्या.

"सुलभा, तू हो पुढे," काका हात खाली न करता म्हणाले. "मी ह्यांना घेऊन येतो."

आणि उभ्या आयुष्यात कुणाचं न ऐकलेल्या सुलभाकाकू मुकाट्याने पुढे झाल्या.